वजन तेच, कस कमी

फर्दापुरात मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. मासे घ्यायला गेलो तरी वर्ग सुटत नाही. मासेवाल्या मावशींनी कटल्याचे कल्ले काढता काढता विचारलं, "सर, पाण्यात आर्सेनिक असलं तर मासे मरून वर येतील ना? मग कळंलच की!"

तसं होत नाही, हीच अडचण. थोड्या आर्सेनिकात मासा जगतो, पोहतो, जाळ्यातही येतो. विष साठतं ते मुख्यतः यकृत, मूत्रपिंड आणि कल्ल्यांत. मांसात त्या मानानं कमी. एवढं वाचून लोक निर्धास्त होतात. माझी हरकत तिथंच आहे. विष मांसात कमी उतरलं, तरी मांसाचा कस घसरू शकतो. आर्सेनाइट प्रथिनांतल्या गंधकाला चिकटून विकरं बंद पाडतं. आर्सेनेट फॉस्फेटचं सोंग घेऊन पेशीच्या ऊर्जानिर्मितीत घुसतं. माशाची सगळी ताकद तग धरण्यात जाते. साठवलेलं ग्लायकोजेन संपतं, प्रथिनं मोडून वापरली जातात आणि असंतृप्त मेदाम्लांचं ऑक्सिडीकरण होतं. आपण ज्यासाठी मासा खातो ते ओमेगा-३ त्यांतलंच. तराजूत मात्र किलो तो किलोच.

आमची वाघूर काळ्या बसाल्टवरून वाहते. आर्सेनिकसाठी कुप्रसिद्ध असा हा खडक नव्हे. पण गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा गावाची कहाणी वेगळी. तिथल्या विहिरी-हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं आणि गावकऱ्यांच्या त्वचेवर त्याच्या खुणा उमटल्याचं १९९९ साली संशोधकांनी प्रसिद्ध केलं. तेव्हा छत्तीसगड राज्यही झालेलं नव्हतं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. चर्चा पाण्याची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण अशा भागातल्या तळ्यांतले मासे कोण तपासणार?

"मग समुद्राचाच बरा," मावशी म्हणाल्या. गंमत अशी की सुरमई-बांगड्यात एकूण आर्सेनिक गोड्या पाण्यातल्या माशांहून सहसा जास्तच भरतं. पण त्यातलं बहुतेक आर्सेनोबीटेन असतं. शरीर ते जसंच्या तसं लघवीवाटे टाकून देतं. म्हणून अहवालात नुसता 'आर्सेनिक' म्हणून आकडा दिला, की मी विचारतो, कुठलं?

दूषित पाण्यातल्या माशाचं काळीज आणि कल्ले टाकावेत, हे ठीक. पण तळून-उकळून आर्सेनिक नष्ट होत नाही. रस्साच तसल्या पाण्यात केला, तर पाणी आटतं आणि आर्सेनिक पातेल्यात उरतं.