साखरेला न भुलणारी गाठ

कुर्ल्याहून धीम्या लोकलने शीव, माटुंगा, दादर मागे टाकलं की परळ येतं. लोकमान्य टिळक टर्मिनसवर उत्तरेकडच्या गाड्यांतून उतरणारे कितीतरी कर्करुग्ण पुढे याच वाटेने जातात, आणि कुर्ल्यातल्या चाळींमधले पेशंटही. सोबतच्या पिशवीत जुन्या फिल्म्सची मोठाली पाकिटं असतात. टाटा स्मारक रुग्णालय परळला १९४१ साली सुरू झालं. त्याच्याच अ‍ॅनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. ते १९६३ साली स्थापन झालं आणि देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट स्कॅनर २००२ साली इथेच आला. तेव्हापासून मुंबईच्या घराघरांत ‘एकदा पेट करून घ्या’ हे वाक्य पोहोचलं आहे. पण यकृताच्या मूळ कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही.

यकृतातली गाठ काढली तरी पाच वर्षांत दहापैकी सात जणांपर्यंत ती पुन्हा दिसू शकते, आणि बहुतेक वेळा यकृतातच. पहिल्या दोन वर्षांत परतणारी गाठ साधारणपणे आधीच्याच आजाराच्या मागे राहिलेल्या पेशींतून वाढलेली असते. उशिरा येणारी गाठ बऱ्याचदा नवीच असते, कारण हेपॅटायटिस बी, सी किंवा दारूने खराब झालेलं उरलेलं यकृत शरीरात तसंच राहतं. म्हणून पहिली दोन वर्षं साधारण तीन-तीन महिन्यांनी आणि पुढे सहा-सहा महिन्यांनी तपासणी करतात. गाठ तीन सेंटिमीटरच्या आत सापडली तर सुईने जाळता येते, कधी पुन्हा कापून काढता येते. मोठी झाल्यावर यातलं फारसं काही हाती राहत नाही.

पेट स्कॅनमध्ये एफडीजी नावाची किरणोत्सारी साखर देतात. तिच्यातल्या फ्लोरिन-१८ चं अर्धं आयुष्य ११० मिनिटांचं, त्यामुळे सगळं वेळेत उरकावं लागतं. पेशंट उपाशीपोटी येतो, रक्तातली साखर तपासतात, इंजेक्शन देऊन तासभर शांत पडून राहायला सांगतात. भुकेली कर्कपेशी ही साखर आत ओढते, साखरेला फॉस्फेट जोडलं जातं आणि ती आतच अडकते. पडद्यावर तो भाग उजळतो. यकृताच्या पेशीचं काम मात्र वेगळं. शरीराला लागेल तेव्हा साखर रक्तात सोडायची तर ते फॉस्फेट काढून टाकणारं विकर तिच्याकडे भरपूर हवं, आणि ते असतंच. यकृताच्या ज्या कर्कपेशी अजून मूळ पेशीसारख्या वागतात, त्या ही सवय विसरलेल्या नसतात. साखर आत येते आणि बाहेरही पडते. आजूबाजूचं यकृतही थोडं उजळ असल्याने गाठ त्यात मिसळून जाते. म्हणूनच यकृताच्या मूळ कर्करोगाच्या साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्याच जास्त गाठी या पेटला दिसतात. ज्या लख्ख दिसतात त्या बहुधा जास्त आक्रमक असतात, आणि ही माहितीही डॉक्टरांच्या कामाची असते. आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हीच साखर चांगलं काम करते. शेजारच्या काकांना पेटमध्ये सापडलं म्हणून आपल्यालाही सापडेल, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

यकृतातल्या गाठीची खरी ओळख तिच्या रक्तपुरवठ्यात आहे. निरोगी यकृताला सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, गाठ मात्र मुख्यतः धमनीवर जगते. तीन टप्प्यांच्या सीटीत कॉन्ट्रास्टचं औषध शिरेतून दिल्यावर सुमारे ३५ सेकंदांनी गाठ चमकते, ७० सेकंदांच्या आसपास यकृत भरून येतं, आणि नंतरच्या टप्प्यात गाठ आजूबाजूपेक्षा काळवंडते. चमकणं आणि काळवंडणं या जोडीवर निदान उभं राहतं. पेटसोबतच्या सीटीत बहुतेकदा कॉन्ट्रास्ट नसतो किंवा एकच टप्पा असतो. ‘पेटमध्ये सीटी आलाच की’ हा घरच्यांचा समज इथे घात करतो.

एमआरआय बारीक गाठींसाठी तीन टप्प्यांच्या सीटीहूनही तीक्ष्ण आहे, विशेषतः यकृताच्या पेशी स्वतःत ओढून घेतात असं गॅडोलिनियमचं औषध दिलं तर. साधारण वीस मिनिटांनी यकृत उजळलेलं आणि एक सेंटिमीटरची गाठही काळ्या ठिपक्यासारखी दिसू शकते. पण श्वास रोखून धरता आला पाहिजे. पोटात पाणी झालेल्या, थकलेल्या पेशंटला ते जमत नाही आणि चित्रं हलतात. सिऱ्होसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण होणं, फार पुढे गेला असेल तर यकृत औषध नीट ओढतच नाही.

सोनोग्राफी स्वस्त, किरणांविना आणि घराजवळ होणारी. कुर्ल्यातल्या माणसाला तिच्यासाठी परळ गाठावं लागत नाही. ऑपरेशननंतर मात्र तिचं काम अवघड होतं. यकृत वाढून जागा बदलतं, पोटातला वायू आड येतो, कापलेल्या कडेला झालेल्या बदलांतून गाठ वेगळी काढणं कठीण जातं. सर्जिकल क्लिप सीटीत रेघा ओढतात, एमआरआयमध्ये तेवढा भाग काळा करतात, म्हणजे कडेची जागा कुठल्याच यंत्राला सोपी नाही.

मग पेट कशासाठी? रक्तातलं एएफपी हे यकृताच्या कर्करोगाची चाहूल देणारं प्रथिन वाढतंय, सीटी-एमआरआयमध्ये यकृत स्वच्छ, अशा वेळी फुप्फुस, हाडं, लसीका गाठी किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीतला प्रसार शोधायला. पुन्हा ऑपरेशन किंवा प्रत्यारोपणाचा विचार चालू असताना बाहेर काही नाही ना, हे पाहायलाही. या प्रश्नांना त्याचं उत्तर मोलाचं आहे. रोजच्या फेरतपासणीत तीन टप्प्यांच्या सीटीची किंवा एमआरआयची जागा त्याने घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. महागडा पेट एकदा करून पुढच्या दोन तपासण्या पैशाअभावी चुकवणाऱ्या कुटुंबाचं नुकसान जास्त होतं.

आणि पिशवीतली ती पाकिटं टाकू नयेत, सीडी तर मुळीच नाही. ऑपरेशननंतरचा पहिला सीटी आणि आजचा सीटी शेजारी ठेवून, धमनीचा टप्पा धमनीच्या टप्प्याशी ताडून पाहिला तरच कडेचा डाग जुना व्रण आहे की तीन महिन्यांत चार मिलिमीटरने वाढलेलं काही, हे रेडिओलॉजिस्टला सांगता येतं.