नव्याने जिल्हा परिषद शाळेत रुजू होताना

शिक्षण हक्क कायद्यानुसार (2009) 60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे बहुतेकदा एका शिक्षकाकडे दोन इयत्ता. पहिलीला शिकवताना दुसरीच्या हाती काम हवेच: शब्दकार्डे, मणी-काड्यांची बेरीज, जोडीने वाचन. हे काम आदल्या दिवशीच काढून ठेवा. मुलांना आपले आपण तपासता येईल असेच निवडा, नाहीतर वह्यांची रांग तुमच्यापुढे लागते आणि पहिलीचा धडा मध्येच तुटतो. पुस्तक संपवायची घाई सुरुवातीला तरी नको. कोण सलग वाचतो, कोण अडखळतो, कोणाच्या घरी वेगळी बोली बोलतात, हे आधी कळू द्या. पुढचे सगळे वर्ष त्यावर उभे राहते. छडी तर नकोच. कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई आहे. खासगी शिकवण्यांना कलम 28 ने.

शिक्षणसेवक कालावधी तीन वर्षांचा. त्यानंतर नियमित वेतनश्रेणीचा आदेश सेवापुस्तकात चढला का, हे स्वतः पाहा. वेतनवाढीच्या, रजेच्या नोंदी दरवर्षी तपासा, छायाप्रत घरी एका फाइलमध्ये ठेवा. 12 वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. तेही याच फाइलमध्ये लावा.