वहीतली उधारी, बँकेतले कर्ज

कृषी सेवा केंद्राचे काउंटर किंवा बियाणे कंपनीची फिरती सोडून बँकेत कृषी क्षेत्र अधिकारी होणे, हा परभणी जिल्ह्यातल्या कृषी पदवीधरांच्या ओळखीचा व्यवसायबदल आहे. परभणीत १९५६ साली कृषी महाविद्यालय सुरू झाले. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. तिथून बाहेर पडणारी काही मुले लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना बसतात, काही कंपनीत जातात. कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला शिक्षणाची अट आल्यापासून मोंढ्यातल्या दुकानांनाही पदवीधर हवा असतो. चार-पाच हंगाम असे गेले की वयाची तिशी समोर दिसू लागते आणि बँकेची जाहिरात गांभीर्याने वाचली जाते.

सरकारी बँकांमधील हे पद आयबीपीएस या संस्थेच्या विशेषज्ञ अधिकारी भरतीतून भरले जाते. वयाची मर्यादा साधारण २० ते ३० वर्षे असून राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत मिळते. पदवी फक्त कृषीचीच लागते असे नाही. उद्यानविद्या, पशुवैद्यक, अन्न तंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी, रेशीम अशा अनेक शाखा चालतात. पूर्व आणि मुख्य परीक्षेनंतर १०० गुणांची मुलाखत होते. तिच्यात किमान ४० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना ३५ टक्के. अंतिम यादीत मुख्य परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० असा भार असतो. वीस हा आकडा लहान वाटतो, पण यादीच्या काठावर उभ्या असलेल्या उमेदवाराचा निकाल तोच ठरवतो.

मुलाखतीत पहिला खरा प्रश्न बहुधा एकच असतो: चालू नोकरी का सोडता? तयारीची सुरुवात इथूनच करावी लागते, कारण बाकीची उत्तरे याच उत्तराला टेकून उभी राहतात. कंपनीत टार्गेटचा ताण आहे, पगार वेळेवर होत नाही, दुकानात सुट्टी मिळत नाही, ही कारणे खरी असली तरी ती फक्त सुटका सांगतात. मुलाखत मंडळाला उमेदवाराला हे पद का हवे ते ऐकायचे असते. ‘शेतकऱ्यांची सेवा करायची आहे’ हे वाक्य त्यांनी त्या दिवशी कितीतरी वेळा ऐकलेले असते. त्यामागे एखादा प्रसंग, एखादे गाव, एखादा आकडा नसेल तर ते हवेत विरते.

हा आकडा उमेदवाराजवळ असतो आणि तोच तो लपवतो. कृषी सेवा केंद्रात काम केलेला मुलगा अर्जात ‘विक्री प्रतिनिधी’ एवढेच लिहितो आणि विचारले तर खते-औषधे विकत होतो म्हणून विषय संपवतो. प्रत्यक्षात त्याने आणखी एक काम केलेले असते. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर शेतकरी दुकानात येतो, तेव्हा त्याच्या हातात रोकड नसते. एकरी ३० किलोची सोयाबीनची बॅग, सोबत खत, पुढे फवारणीची औषधे हे सारे उधारीवर जाते. वहीत नाव, गाव, माल आणि रक्कम चढते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन मोंढ्यात आले, माप झाले, अडत्याकडून पट्टी मिळाली की दिवाळीच्या आसपास पैसे परत येतात. कोणाला किती द्यायचे, कोणाच्या शेतात पाणी आहे, कोणाचे मागच्या वर्षीचे बाकी आहे, कोणाला तूर येईपर्यंत थांबवता येईल, हे ठरवण्यात काउंटरवरच्या माणसाचा मोठा वाटा असतो. बँकेच्या भाषेत हीच पतपारख, कर्जवाटप आणि वसुली. पीक कर्जाचे सगळे चक्र या मुलाने तारण आणि कागदपत्रांशिवाय हाताळलेले असते.

म्हणून तयारीतले सर्वांत मोलाचे काम जुनी वही समोर ठेवून बसणे हे आहे. दुकानाची गुपिते बाहेर सांगायची नसतात. ग्राहकाचे नाव तर कधीच घ्यायचे नाही. पण एका हंगामात साधारण किती शेतकऱ्यांना उधार दिले, त्यातले किती दिवाळीपर्यंत फिटले, किती रखडले आणि का रखडले, एवढे काढून पाठीशी ठेवता येते. रखडण्याच्या कारणांची वर्गवारी केली की उमेदवाराला स्वतःलाच नवे काही दिसते: कोणाचे पीक काढणीच्या वेळच्या पावसात भिजले, कोणी भाव वाढेल म्हणून माल घरात ठेवला, कोणाच्या घरी दवाखाना निघाला, आणि फेडता येत असूनही न फेडणारे फार थोडे होते. अशा माणसाने ‘वसुली कशी कराल?’ या प्रश्नाला दिलेले उत्तर पुस्तकातले राहत नाही. कंपनीच्या फिरतीवरच्या उमेदवाराचेही तसेच. विक्रेत्यांकडची येणी, शेतातली प्रात्यक्षिके, उगवण झाली नाही म्हणून आलेल्या तक्रारी आणि त्यांचे पंचनामे हे त्याचे भांडवल.

यानंतरचा टप्पा भाषांतराचा आहे. दुकानात एकर आणि गुंठे चालतात. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. उमेदवाराला दोन्ही मापे तोंडी बदलता यायला हवीत. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा कशी काढतात हे तर हमखास विचारले जाते आणि कागदावर मांडायला सांगितले जाण्याची तयारी ठेवावी. उदाहरणादाखल, जिल्हास्तरीय तांत्रिक समितीने एखाद्या पिकाला हेक्टरी ६०,००० रुपये कर्जदर ठरवला आणि शेतकऱ्याचे क्षेत्र २ हेक्टर असले, तर मूळ रक्कम १,२०,००० होते. काढणीनंतरचा आणि घरखर्च म्हणून १० टक्के, म्हणजे १२,०००. शेतीच्या साधनांची दुरुस्ती-देखभाल म्हणून २० टक्के, म्हणजे २४,०००. विम्याचा हप्ता वेगळा धरला तर पहिल्या वर्षाची मर्यादा १,५६,००० रुपये. पुढे दरवर्षी १० टक्के वाढ धरत गेले की पाच वर्षांच्या कार्डात शेवटच्या वर्षी ती सुमारे २,२८,००० पर्यंत पोचते. हे गणित चार-पाच वेळा वेगवेगळ्या पिकांचे करून पाहिले की पाठ करावे लागत नाही.

याच जोडीला थकीत कर्जाचा नियम येतो. इतर कर्जे ९० दिवस थकली की अनुत्पादक ठरतात. पीक कर्जाला मात्र हंगामाचे माप आहे: कमी मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकावे लागते आणि वर्षापेक्षा जास्त काळ शेतात राहणाऱ्या पिकाचे एक हंगाम. दुकानदाराने ‘तूर येईपर्यंत थांबू’ म्हणणे आणि बँकेने हंगाम मोजणे यामागची समज एकच आहे, आणि हे जोडून सांगणारा उमेदवार लक्षात राहतो.

जिल्ह्याची माहिती लोक वाचतात, पण ती बहुतेक वेळा सामान्यज्ञानाच्या पुस्तकासारखी असते. नऊ तालुके, गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या, जिंतूर तालुक्यातले येलदरी धरण एवढ्यावर थांबून भागत नाही. पाथरी-मानवतकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी येते. जिंतूरच्या डोंगराळ भागात जमीन हलकी आणि पावसावर अवलंबून. एकाच जिल्ह्यातल्या या दोन शेतकऱ्यांना कर्ज देताना काय वेगळे पाहाल, असा प्रश्न स्वतःलाच विचारून उत्तर लिहून काढावे. विद्यापीठाचे पदवीधर असाल तर तिथली वाणे विचारली जातात. पिवळ्या केवड्याला प्रतिकारक असलेली ‘परभणी क्रांती’ भेंडी १९८५ ची. लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी २०१८ ची. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरल्याने पावसाच्या खंडात काय फरक पडतो, हे शेतात पाहिलेल्याने सांगितले तर मंडळातला कृषीचा जाणकार पुढे झुकून ऐकतो.

अवघड प्रश्न कर्जमाफीचा. २००८ ची केंद्राची योजना, २०१७ ची राज्याची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, या तिन्हींची झळ किंवा लाभ उमेदवाराच्या स्वतःच्या घरात पोचलेला असतो. बँकेत जायचे म्हणून कर्जमाफी सरसकट वाईट म्हणणे हा लबाडपणा होतो आणि तो चेहऱ्यावर दिसतो. दुष्काळात बुडालेल्याला दुसरा मार्ग नव्हता. त्याच वेळी नियमित फेडणाऱ्याला डावलल्याची भावना झाली आणि पुढच्या माफीची वाट पाहत हप्ते थांबले. दोन्ही गोष्टी घडल्या आहेत आणि दोन्ही सांगता येतात. उमेदवाराच्या नावावरचे शैक्षणिक कर्ज किंवा दुचाकीचे हप्ते थकलेले असतील तर ते आधी नियमित करावेत. नेमणुकीच्या वेळी बँका पतइतिहास पाहतात.

मुलाखतीत इंग्रजी किंवा हिंदी वापरावी लागते. परभणीच्या मुलाला हिंदीची भीती नसते, कारण स्टेशनवर आणि मोंढ्यात ती रोज कानावर पडते. पण ती दखनी वळणाची हिंदी आहे. ‘मेरे कू’, ‘नक्को’ हे घरच्यासारखे वाटत असले तरी मंडळासमोर फसल ऋण, बंधक, वसूली, ब्याज अनुदान हे शब्द सहज तोंडी यावे लागतात. त्यासाठी सराव मोठ्याने बोलूनच होतो. अभ्यासिकेत आवाज करता येत नाही, म्हणून मुले विद्यापीठाच्या परिसरात झाडाखाली बसतात. एकाने उमेदवार व्हायचे, दोघांनी मंडळ, चौथ्याने फोनवर चित्रण करायचे. चित्रण पाहणे सुरुवातीला नकोसे होते. हात चोळणे, वाक्यागणिक ‘म्हणजे’ येणे, उत्तर अर्ध्यावर सोडून दुसरीकडे वळणे, सगळे दिसते. मंडळात एखादा निवृत्त बँक कर्मचारी बसवता आला तर फार बरे, कारण मित्र उलटप्रश्न विचारत नाहीत.

अर्जातली रिकामी वर्षेही याच सरावात बोलून घ्यावीत. लोकसेवा आयोगाच्या तयारीत दोन वर्षे गेली असतील तर तसेच सांगावे. त्या काळात घरची शेती केली असेल तर किती क्षेत्र, कोणते पीक, काय उत्पन्न आले, हे सोबत असावे.

कागदपत्रांकडे शेवटच्या आठवड्यात पाहणाऱ्यांचे नुकसान होते. केंद्रीय भरतीत जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते. राज्याच्या कामासाठी काढलेले पुरत नाही. इतर मागासवर्गाच्या उमेदवाराची जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रीमीलेअरचा उल्लेख जाहिरातीत दिलेल्या मुदतीतला असावा लागतो. राज्याचे एसईबीसी प्रमाणपत्र इथे चालत नाही; आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र योग्य आर्थिक वर्षाचे हवे. तहसीलच्या फेऱ्या धरून यासाठी महिना हाताशी ठेवावा. गुणपत्रिका आणि आधारवरच्या नावाच्या स्पेलिंगमधला फरकही आधीच पाहावा.

मुलाखत मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी असेल तर आदल्या दिवशी पोचावे. मुंबईला रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने जाऊन सकाळी उतरून थेट केंद्रावर जाण्याचा बेत पैसे वाचवतो, पण गाडीला उशीर झाला तर सगळी तयारी फलाटावर राहते. इस्त्री केलेला साधा शर्ट, पायात सवयीचे बूट, कागदांची क्रमाने लावलेली फाइल पुरे. आत दहा-पंधरा मिनिटे मिळतात. माहीत नसलेले ‘माहीत नाही’ म्हणून सोडावे आणि माहीत असलेले आकड्यासह सांगावे.

निवड झाली तरी आधी तात्पुरते वाटप होते आणि बँकेचे नेमणूक पत्र नंतर येते. शाखा दुसऱ्या राज्यातलीही असू शकते, आणि हे घरात आधीच बोललेले असावे. चालू कामाचा राजीनामा नेमणूक पत्र हातात पडल्यावरच द्यावा. अनुभवाचे प्रमाणपत्र घ्यावे. जाण्यापूर्वी उधारीच्या वहीतली शिल्लक मालकासमोर नावानिशी वाचून, बेरीज जुळवून, दोघांच्या सह्या करून तिचा ताबा द्यावा.