दुखणे वर्गातले, आरोप वाय-फायवर

पालकसभेत एक आई उभी राहिली आणि भिंतीवरच्या पांढऱ्या डबीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘डॉक्टरसाहेब, हे बसवल्यापासून माझ्या मुलीचं डोकं दुखतंय. काढून टाका असं तुम्हीच मुख्याध्यापकांना सांगा.’’ तिच्या मागोमाग दहा-बारा हात वर झाले. कोपऱ्यात बसलेले संगणकाचे शिक्षक वैतागून म्हणाले, ‘‘काढाच! नाहीतरी दुपारी ते चालतच नाही.’’

आमच्या सरकारी रुग्णालयातर्फे आम्ही त्या शाळेत मुलांच्या आरोग्य तपासणीसाठी गेलो होतो. इमारत एकच, सकाळी कनिष्ठ महाविद्यालय, दुपारी शाळा. तक्रारी दोन होत्या. वाय-फायमुळे मुले आजारी पडतात ही एक आणि वाय-फाय स्वतःच आजारी आहे ही दुसरी. कबूल करतो, पहिली तक्रार ऐकून मला हसू आले. ती माझी चूक होती, हे पुढे कळले.

लहरींचा हिशेब

वाय-फायच्या लहरी रेडिओलहरींच्या कुळातल्या. साधारण २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत त्या चालतात. क्ष-किरणांप्रमाणे अणूंमधील इलेक्ट्रॉन बाहेर फेकण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्या खूप तीव्र असतील तर शरीराचे ऊतक तापू शकते. पण शाळेतल्या अशा डबीची शक्ती बहुधा एका वॉटच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. शिवाय अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. ब्रिटनच्या तत्कालीन आरोग्य संरक्षण संस्थेने २००७च्या सुमारास एक सोपी तुलना दिली होती : वाय-फायच्या क्षेत्रात वर्षभर बसणाऱ्याला जेवढ्या रेडिओलहरी मिळतात, तेवढ्या मोबाइलवर वीस मिनिटे बोलणाऱ्याला मिळतात.

‘मग जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाचा इशारा कसा दिला?’ हा प्रश्न सभेत आलाच. या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२-बी’ गटात टाकले, हे खरे. या गटाचा अर्थ ‘शक्यता नाकारता येत नाही, पुरावा मर्यादित’ असा आहे. त्यामागचा मुख्य आधार कानाला मोबाइल लावून भरपूर बोलणाऱ्यांची पाहणी हा होता, वर्गातले वाय-फाय नव्हे. याच गटात आशियाई पद्धतीने खारवलेल्या भाज्याही आहेत. फ्रान्सने २०१५ मध्ये कायदा करून तीन वर्षांखालील मुलांच्या पाळणाघरांत वाय-फायला मनाई केली आणि प्राथमिक शाळांत गरज नसताना ते बंद ठेवण्यास सांगितले. ती खबरदारी होती, अपाय सिद्ध झाल्याचा निवाडा नव्हता.

भीतीनेही डोके दुखते

आपल्याला या लहरी जाणवतात, त्रास देतात, असे सांगणाऱ्या लोकांवर अनेक प्रयोग झाले आहेत. लहरी चालू की बंद, हे त्यांनाही सांगायचे नाही आणि तपासणाऱ्यालाही माहीत नसायचे. अशा ४६ प्रयोगांचा आणि त्यांतील ११७५ जणांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. लहरींमुळेच त्रास होतो असे दाखवणारा भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना आधी वाय-फायच्या धोक्यांवरचा माहितीपट दाखवला आणि मग खोट्याच ‘वाय-फाय’जवळ बसवले. सहभागी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी त्या नसलेल्या लहरींमुळे काही ना काही त्रास झाल्याचे सांगितले.

याचा अर्थ ती माणसे सोंग करत होती असा नाही. डोकेदुखी खरी असते, कारण चुकीचे ठरवलेले असते. धोका इथेच आहे. चुकीचे कारण सापडले की खऱ्याचा शोध थांबतो.

म्हणून त्या आईला मी विचारले, ‘‘डबी बसवली तेव्हा वर्गात आणखी काय बदललं?’’ उत्तर मुलीनेच दिले. वाय-फायबरोबर प्रोजेक्टर आला होता. पडद्यावरचे दिसावे म्हणून खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले. साठ मुले, बंद खोली, कोंदटलेली हवा. मुलगी मागच्या बाकावर बसत होती. पडद्यावरची बारीक अक्षरे वाचायला डोळे बारीक करत होती. तपासल्यावर चष्म्याचा नंबर निघाला. पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी परत येत होती, कारण स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून ती पाणीच पीत नव्हती. ‘हे बसवल्यापासून’ हे आईचे निरीक्षण अचूक होते. मी हसून सोडून दिले असते, तर यातले काहीच बाहेर आले नसते.

दुसरा रुग्ण

संगणकाच्या शिक्षकांची तक्रारही आम्ही तशीच ऐकली : कधी, कुठे, कुणाला? सकाळी ठीक, दुपारी बंद. सगळ्याच वर्गांत. मोबाइलवर वाय-फायच्या रेघा पूर्ण, पण इंटरनेट नाही. बसवून देणाऱ्या ठेकेदाराने जास्त शक्तीचे नवे राउटर घ्यायला सांगितले होते.

सोबत आमच्या रुग्णालयातला संगणक विभाग सांभाळणारा तरुण होता. त्याने पाच मिनिटांत निदान केले. नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता दिला जातो. नेहमीच्या मांडणीत असे सुमारे २५४ पत्ते असतात. एकदा दिलेला पत्ता इथे चोवीस तास त्याच उपकरणाच्या नावावर राहत होता. सकाळच्या कॉलेजची मुले आपापले मोबाइल जोडत, सगळे पत्ते संपवत आणि घरी जात. दुपारच्या शाळेच्या वाट्याला पत्ताच उरत नसे.

मला आमचा वॉर्ड आठवला. रुग्ण घरी गेलेला, खाट रिकामी. पण डिस्चार्जची नोंद झाली नाही म्हणून नोंदवहीत खाट भरलेली, आणि बाहेर नवा रुग्ण ताटकळत. त्यावर उपाय नवी इमारत हा नसतो. शाळेत पत्त्याची मुदत चोवीस तासांवरून एका तासावर आणली, पत्त्यांची संख्या वाढवली. नवे काहीही विकत घ्यावे लागले नाही.

मोठा आवाज, कमी संवाद

तरीही एक दुखणे उरलेच. सगळा वर्ग एकदम टॅबलेट उघडे तेव्हा सगळे अडखळत असे. याचे कारण वाय-फायच्या स्वभावात आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघे एकदम बोलले की दोघांचेही बोलणे वाया जाते आणि पुन्हा बोलावे लागते. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात ‘अलोहा’ हे बिनतारी संगणक जाळे सुरू झाले, तेव्हापासून हा प्रश्न अभियंत्यांच्या मागे आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल प्रत्यक्षात तीनच : १, ६ आणि ११. शाळेने व्हरांड्यात चार डब्या पूर्ण शक्तीवर लावल्या होत्या. त्या एकमेकींचे ऐकत थांबत होत्या आणि वर्गातल्या मुलांपर्यंत जाड भिंतींतून जेमतेम पोहोचत होत्या. डबीचा आवाज मोठा असला तरी टॅबलेटचा लहानच असतो. त्याचे उत्तर भिंतीपलीकडे नीट पोहोचत नाही, मग त्याला तेच सावकाश आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

उपाय आम्हा डॉक्टरांना ओळखीचा वाटेल : मात्रा कमी, पण जिथे दुखते तिथे. डबी व्हरांड्यात नको, वर्गात हवी. शक्ती कमी ठेवायची, शेजारच्या वर्गाचे चॅनेल वेगळे ठेवायचे आणि जमेल तिथे चॅनेलची ऐसपैस जागा असलेला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरायचा. तपासणी रविवारी रिकाम्या वर्गात करू नये. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असते, ते या लहरी शोषते. त्यामुळे साठ मुले बसल्यावरचे नेटवर्क वेगळेच असते.

यात पालकांच्याही मनासारखे घडते. प्रत्येक डबी कमी शक्तीवर चालते आणि मुलांच्या हातातल्या टॅबलेटला तेच ते पुन्हा सांगावे लागत नाही. चांगल्या चालणाऱ्या वाय-फायमध्ये लहरींचा अपव्यय कमी असतो.

पालकांनी आणि शाळांनी काय करावे?

वाय-फाय घेताना शाळेने ठेकेदाराला ‘किती खोल्या’ एवढेच सांगू नये. एका वेळी किती उपकरणे जोडली जातील तेही सांगावे. बिघाड झाला तर वेळ, जागा आणि उपकरण यांची आठवडाभर नोंद ठेवावी. प्रोजेक्टर लावला तरी एका बाजूच्या खिडक्या उघड्या राहतील अशी व्यवस्था करावी. अक्षरे मागच्या बाकावरून वाचता येतात का, हे शिक्षकांनी स्वतः तिथे बसून पाहावे. स्वच्छतागृहात पाणी आणि आतून लागणारी कडी हवी.

मुलाचे डोके वारंवार दुखत असेल तर आधी नजर, झोप, सकाळचा नाश्ता आणि पाणी तपासा. मात्र डोकेदुखीने झोपेतून जाग येत असेल, पहाटे उलट्या होत असतील, दोन-दोन दिसत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर राउटर बंद करून वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालयात या.

त्या मुलीला चष्मा लागला, ती दुसऱ्या बाकावर आली, खिडक्या उघडल्या. महिन्याने आई बाह्यरुग्ण विभागात भेटली. डोकेदुखी बरीच कमी झाली होती. बाटली मात्र अजून अर्धी भरलेलीच परत येते, असे ती म्हणाली. शाळेच्या स्वच्छतागृहाची कडी अजून बसायची आहे.