तेल जळलं नाही, गळालं

कोरेगावच्या बाजारात घेवडा नि आलं उतरवणाऱ्या पिकअपखाली वाकून पाहिलं, तर मागच्या ॲक्सलच्या मधोमध एक फुगीर भाग दिसतो. ते डिफरन्शियल. इंजिनाचं तेल नेमानं बघणारे मालकही तिकडे वर्षानुवर्षं बघत नाहीत. 'तिथलं तेल जळत नाही, मग कमी कसं होईल?' हा त्यांचा हिशेब. जळत नाही हे खरंच. म्हणून तर पातळी उतरली की तेल कुठूनतरी गळतंय, हे नक्की. नुसतं वरून ओतून गाडी सोडली, की दुखणं तसंच राहतं. चाकाकडचं सील गेलं असेल तर तेल ब्रेक लायनरवर उतरतं, आणि उतारावर ब्रेक लागत नाही. नवं सील टाकण्याआधी हौसिंगवरचा ब्रीदर जरूर बघावा. तो चिखलानं बुजला, की तापलेली हवा आत कोंडते आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलते.

'थोडं जास्तच भरा' हा सल्लाही चुकीचा. जादा तेल घुसळून फेसाळतं आणि सीलवर दाब वाढतो. गाडी सपाट जागी उभी करून, तेल निवल्यावर भरायचा बोल्ट उघडावा. बहुतेक गाड्यांत भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल हवं. नेमकी पातळी गाडीच्या पुस्तकात असते. तेल बदलताना आधी हाच बोल्ट सैल होतो का बघा. तो झिजून अडकलेला असेल आणि खालचा बोल्ट उघडून तेल सोडून दिलं असेल, तर नवं भरणार कुठून?

डिफरन्शियलचं 'नव्वद नंबर' तेल म्हणजे इंजिनाच्या चाळीस नंबरपेक्षा दुपटीहून दाट, असंही अनेकांना वाटतं. दोन्हींच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. गिअर ऑइलचं ९० हे इंजिन ऑइलच्या ४०-५०च्या आसपास बसतं. खरा फरक आतल्या रसायनांचा. डिफरन्शियलमधल्या क्राउन आणि पिनियन या गिअरांचे दाते प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत सरकतात, तिथे गंधक-फॉस्फरसयुक्त जीएल-५ तेलच टिकतं. इंजिन ऑइल तिथे चालत नाही. उलट जीएल-५ तेल गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतं, म्हणून 'एकच डबा दोन्हीकडे' हेही पुस्तक बघितल्याशिवाय करू नये.

स्विफ्ट, वॅगन-आरसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच असतं आणि तेलही एकच. त्यांच्या बिलात 'डिफरन्शियल ऑइल' वेगळं लागलं तर विचारा.

पावसाळ्यात आणखी एक धोका. तापलेलं ॲक्सल फरशी पुलावरच्या गार पाण्यात बुडालं, की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर भर घालून भागत नाही. सगळं काढून नवं टाकावं लागतं.