त्रिंकोमालीहून परतलेली सेना

१६ डिसेंबरला ढाक्याच्या विजयाचे सोहळे होतात, आणि ते व्हायलाच हवेत. २४ मार्च मात्र कोरा जातो. १९९० साली याच दिवशी भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीहून निघाली. दरवर्षी त्या दिवशीचे पेपर चाळतो आणि संताप येतो.

सिंहली-तमिळ वादाची आधीची दशकं आम्ही पुस्तकांतून वाचली. १९८३च्या कोलंबोतल्या दंगलींपासून पुढचं सगळं डोळ्यांदेखत घडलं. तमिळ बंडखोरांना आपणच आपल्या भूमीवर शस्त्रं चालवायला शिकवलं. मग २९ जुलै १९८७ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि त्याच बंडखोरांची शस्त्रं उतरवून घ्यायला शांतिसेनेचे जवान धाडले. त्या बंडखोरांतल्या तमिळ वाघांचा, म्हणजे लिट्टेचा, नेता प्रभाकरन याला तो करार मनापासून मान्य नव्हता, हे दिल्लीला दिसत असूनही.

शेवटी वाघांशीच लढाई जुंपली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरमधून शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान उतरले. वाघ दबा धरून बसले होते. २९ जण मारले गेले. पुढे जाफना पडलं, पण वाघ वन्नीच्या जंगलात शिरले आणि युद्ध तिथेच रुतलं. वाटेवाटेवर सुरुंग होते. जाफनाच्या रुग्णालयात आपल्या सैन्याच्या गोळ्यांनी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मेले, हेही दडवता कामा नये.

२५ नोव्हेंबर १९८७ला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्या वाघाची रायफल हिसकावून त्याला ठार केलं आणि प्राण जाईपर्यंत ते हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. हा माणूस मुंबईत जन्मला, आणि मुंबईतच त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

ज्यांच्यासाठी गेलो त्या तमिळांना आपण शत्रू वाटू लागलो. ज्यांच्या बोलावण्यावरून गेलो त्या कोलंबोत १९८९मध्ये प्रेमदास सत्तेवर आले. त्यांनी आपल्याला निघून जायला सांगितलं आणि वाघांना शस्त्रंही पुरवली. सेना मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत.

सुमारे १,२०० जवान गेले. दोष त्यांचा नव्हता. नेमकं काय साधायचं हे न ठरवता त्यांना पाठवणाऱ्यांचा होता, आणि त्यांपैकी कुणीही त्याचा जाब दिला नाही. श्रीलंकेने कोलंबोजवळ या जवानांचं स्मारक उभारलं. आपल्या राजधानीत राष्ट्रीय युद्धस्मारक उभं राहायला २०१९ उजाडलं.