वळली ती हद्द

झाशीहून ललितपूरकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली तर फोनवर नकाशा उघडून ठेवावा. बबिना मागे पडते तोवर आपण उत्तर प्रदेशात असतो. पुढचं स्टेशन बसई. आपली वसई नव्हे. ही मध्य प्रदेशातल्या दतिया जिल्ह्याची. जरा वेळानं तालबेहट येतं आणि आपण पुन्हा उत्तर प्रदेशात! गाडी सरळच चाललेली असते. वळली ती हद्द.

झाशी जिल्ह्याचा नकाशा म्हणजे कात्री हातात धरून कुणी शिंकलं असावं तसा. पश्चिमेला आणि दक्षिणेला मध्य प्रदेश आत घुसलेला, मध्येच त्याचे सुटे तुकडे. ललितपूर १९७४ पर्यंत झाशीतच होतं. वेगळं झाल्यावर त्या जिल्ह्याला जवळजवळ चहूबाजूंनी मध्य प्रदेशानं वेढलं आणि आपल्या राज्याशी जोडणारी एक अरुंद पट्टी तेवढी उरली.

असं वेडंवाकडं कुणी आखलं? खरं तर कुणीच आखलं नाही. वाटण्या होत गेल्या आणि त्यांच्या कडा तशाच राहिल्या. मोगल सरदार बंगशाविरुद्ध मदतीला धावलेल्या बाजीराव पेशव्याला बुंदेला राजा छत्रसालानं मुलखाचा वाटा दिला. झाशी त्यातूनच पेशव्यांकडे आली. १७४२ मध्ये नारोशंकर सुभेदार झाला, पुढे नेवाळकर आले. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडच्या कोट गावचे. म्हणजे समुद्राचा वारा न लागणाऱ्या या गावाला कारभारी मिळाले ते कोकणातले! आजूबाजूला ओरछा, दतिया, समथर ही संस्थानं टिकून राहिली. स्वातंत्र्यानंतर समथर झाशी जिल्ह्यात आलं, ओरछा आणि दतिया मध्य प्रदेशात गेले. जुन्या सरदारांच्या बांधांवरच आज दोन राज्यांची हद्द आहे.

त्यातला सगळ्यात अजब तुकडा १८६१ चा. १८५७ चं बंड मोडून तीनच वर्षं झाली होती. इंग्रजांनी झाशीचं शहर आणि किल्ला ग्वाल्हेरच्या शिंद्यांना दिला आणि स्वतःचं ठाणं तटाबाहेरच्या ‘झाशी नौआबाद’ गावात नेलं. तटाच्या आत शिंदे, बाहेर इंग्रज. हे पंचवीस वर्षं चाललं. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत देऊन इंग्रजांनी झाशी घेतली. किल्ल्याच्या बदल्यात किल्ला, जशी गल्लीतली पोरं गोट्या बदलतात!

पायाखालची जमीनही एका जातीची नाही. तळाला सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट, आणि त्यातून मैलोन्मैल धावणाऱ्या पांढुरक्या गारगोटीच्या भिंती. लांबून पाहिलं तर कुणी तट बांधायला घेऊन सोडून दिलाय असं वाटतं. शेतकऱ्याकडे मातीला चार नावं आहेत: मार, काबर, पडुवा, राकड. मार म्हणजे आपली काळी कसदार जमीन, भिजली की पायाला चिकटते आणि वाळली की भेगाळते. राकड उतारावरची, तांबूस, खडे असलेली. पाणी हातात येतं तसं निसटतं. बेतवा, धसान, पहूज या नद्या असूनही बुंदेलखंडाला दुष्काळ नवा नाही, त्यात या कठीण खडकाचा वाटा मोठा. पाणी वरून वाहून जातं, आत मुरत नाही.

आता जरा लांब जाऊ, अशाच एका हद्दीवरच्या जिल्ह्याकडे. रशियाच्या अगदी आग्नेय टोकाला, जपानच्या समुद्रावर, खासान नावाचा जिल्हा आहे. एका बाजूला चीन, तुमान नदीपलीकडे उत्तर कोरिया. १८६० च्या करारानं हा किनारा रशियाकडे गेला, त्यामुळे चीनची जमीन समुद्रापासून जेमतेम १५ किलोमीटरवर येऊन थांबते. हा करार झाशी शिंद्यांकडे गेली त्याच्या आदल्याच वर्षीचा! खासानचं क्षेत्रफळ सुमारे ४,१०० चौरस किलोमीटर, झाशीचं ५,०२४. फार फरक नाही. पण तिथं राहतात अवघी पस्तीसेक हजार माणसं (२०१० ची गणना) आणि दुर्मीळ अमूर बिबटे. झाशीत २०११ च्या जनगणनेनुसार १९,९८,६०३. चौरस किलोमीटरला तिथं नऊ माणसं, इथं ३९८.

खासानची हद्द ओलांडून पलीकडच्या देशात जायला पासपोर्ट लागतो. झाशीची ओलांडायला बसस्थानकाबाहेरची वडाप पुरते. मऊरानीपूरच्या रस्त्यावर ओरछा तिगेला लागतो (तिगेला म्हणजे बुंदेलीत तिठा), तिथून उजवीकडे वळलं की थोड्याच वेळात मध्य प्रदेश. पुढं धावणाऱ्या रिक्षावर कधी यूपी ९३ दिसतं, कधी एमपी. आतल्या बाया मात्र एकाच बुंदेलीत भाजीचा भाव घासत असतात.